मामाच्या फायबरवरचे दिवे

बारा व्होल्टला मी कधी मान दिला नव्हता. आयटीआय करून घरांची वायरिंगं करणारा माणूस मी. २३० व्होल्टचा झटका काय असतो ते हाडांना ठाऊक, त्यामुळे जी वीज ओल्या हाताने धरली तरी चावत नाही ती माझ्या लेखी खेळण्यातलीच. मामाने एकदा "होडयेत जरा उजेड करून दी रे, झिला" म्हटलं, तेव्हा ते एका दुपारचं काम वाटलं. त्या दुपारपासून मी जे जे चुकत गेलो ते इथे लिहितो आहे, कारण मालवणच्या किनाऱ्यावर अजूनही होड्यांवर तशीच कामं होताना दिसतात आणि करणारे बहुतेक माझ्यासारखेच जमिनीवरचे वायरमन असतात.

मामाची होडी म्हणजे २६ फुटी फायबर. मागे दोरी ओढून सुरू करायचं यंत्र, बरोबर एक खलाशी. संध्याकाळी जाळं सोडायचं, होडी त्याच्याबरोबर वाहू द्यायची आणि पहाटे ओढून घ्यायचं. बांगडा अंधाऱ्या पंधरवड्यात जास्त लागतो, चांदण्यात त्याला जाळं दिसतं. म्हणजे धंदा काळोखाचा आणि जाळ्यातून मासळी सोडवायला मात्र उजेड हवा. आधी गॅसबत्ती होती, मग डोक्याला बांधायची बॅटरी आली. ती घामाने घसरते, हा मामाचा मूळ तक्रारअर्ज.

मी गॅरेजमधून गाडीचा ५५ वॅटचा हॅलोजन आणला, जुनी कारची बॅटरी आणली आणि एका बंगल्याच्या कामातून उरलेली ०.७५ एमएमची वायर काढली. बॅटरी यंत्राजवळ, दिवा नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर. मध्ये काठाकाठाने सात मीटर वायर, कोपरे काटकोनात, क्लिपा ओळीत. दिसायला फार सुबक काम झालं होतं. दिवा लावला तर पिवळट, मरगळलेला. बॅटरी उतरली असेल म्हणून ती चार्ज करून आणली, तरी तेच. मग बल्ब बदलला. मीटर लावायचं सुचलं ते सगळ्यात शेवटी, कारण सात मीटर वायरीत काही हरवत असेल हे घरातल्या कामात कधी मनातही येत नाही.

हिशोब सोपा आहे आणि मला तो येत होता, हे जास्त लागलं. ५५ वॅटचा दिवा घरात २३० व्होल्टवर पाव अँपिअरच्या आतबाहेर घेतो. तोच बारा व्होल्टवर साडेचार अँपिअरच्या पुढे जातो. ०.७५ च्या वायरीचा रोध किलोमीटरला सुमारे २६ ओहम. जाऊन-येऊन चौदा मीटर धरले तर दीड व्होल्टच्या वर वाटेतच खर्च. घरात दीड व्होल्ट गेला तर कुणाला कळणारही नाही, इथे तो आठवा हिस्सा आहे. शिवाय हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून खूप वेगाने पडतो. आठवा हिस्सा व्होल्टेज गेलं की उजेड एक तृतीयांशाने जातो. अडीच एमएमची वायर घातल्यावर तोटा अर्ध्या व्होल्टच्या आसपास आला आणि दिवा दिव्यासारखा दिसू लागला.

पण वायर बदलण्याआधी जे झालं ते सांगायला हवं. त्या पहिल्या वायरीवर मी फ्यूज लावला नव्हता. का, तर शॉक लागत नाही तिथे फ्यूज कशाला! घरात एमसीबी मी कधी विसरलो नसतो, होडीत तो आठवलाच नाही. एका रात्री नांगराची साखळी सरकून वायरीवर बसली, क्लिपेच्या कडेला आवरण चिरडलं आणि दोन्ही तारा एकमेकींना टेकल्या. दिव्याला साडेचार अँपिअर देणारी तीच बॅटरी आता मधल्या तारेतून पन्नास-साठ अँपिअर ढकलत होती. मामा सांगतो, आधी वास आला, मग काठावरून धुराची एक रेघ मागे मागे येऊ लागली, पेट्रोलच्या टाकीकडे. त्याने बॅटरीची कडी हाताने उपटली. तळहातावर त्याचा डाग आहे. मी त्या रात्री घरी झोपलो होतो. बारा व्होल्ट माणसाला चावत नाही, पण बॅटरीला शॉर्ट मिळाला की ती वेल्डिंग यंत्रासारखी वागते आणि खाली फायबर आहे, जे पेटतं. आता बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरात फ्यूज असतो. त्याच्या अलीकडची वायर कुणीच राखत नाही, म्हणून ती जितकी आखूड तितकी बरी.

मिठाने काय केलं ते थोडक्यात. काळी टेप गुंडाळलेले माझे जोड एका हंगामात हिरवे पडले. टेप सोडवून वायर मागे कापत गेलो, तर हातभर आतपर्यंत तांबं काळं निघालं, कारण खारं पाणी बारीक तारांच्या फटींतून आत चढत जातं. होडीसाठी कथील चढवलेल्या तांब्याची वायर असते, दाबून बसवायच्या लग्स असतात, आतून गोंद असलेली नळी गरम करून वर बसवली की पाणी शिरत नाही. हे सगळं मिळतं आणि सगळं महाग असतं. जुनी कारची बॅटरीही तशीच गेली. गाडीची बॅटरी क्षणभर जोर लावून यंत्र फिरवण्यासाठी बनवलेली. रात्रभर झिरपत देऊन रिकामी व्हायची तिला सवय नाही. मामाचं यंत्र तिला परत काही भरतही नव्हतं. इन्व्हर्टरच्या जातीची बॅटरी घेतली आणि निम्म्याच्या खाली उतरू द्यायची नाही असं ठरलं.

इथवरच्या चुका तारेच्या. त्या मीटरवर सापडतात. पुढच्या मीटरवर सापडल्या नाहीत.

वायर सुधारून झाल्यावर मी हॅलोजन काढून दोन एलईडी फ्लडलाइट बसवले, नाळेवर उंच, आतल्या बाजूला वळवून. फायबर आतून पांढरं. रात्री दिवे लागले आणि होडी लख्ख झाली. मी इतका खूश झालो की त्या रात्री मुद्दाम बरोबर गेलो. मामाने अर्ध्या तासात दिवे बंद करायला लावले. त्याला बोये दिसेनात. शेजारची होडी दिसेना. खडकावर फुटणारी लाट, जिच्या पांढऱ्या रेघेवर तो आयुष्यभर वाट काढत आला, तीही दिसेना. होडीत दिवस होता आणि होडीबाहेर भिंत. दिवे बंद केल्यावर तर कोणालाच काही दिसेना. डोळा अंधाराला पुरता सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि पांढऱ्या उजेडाचा एक झोत ती सगळी कमाई घालवतो. ही गोष्ट मामाला शास्त्र न वाचता माहीत होती. डोक्याची बॅटरी तो हाताने झाकून का लावायचा, ते मला तेव्हा कळलं. मी समजत होतो, सेल वाचवतोय.

आता काम करायचा दिवा काठाच्या उंचीखाली आहे, वर पत्र्याची टोपी, उजेड फक्त जाळ्यावर आणि मासळीच्या टोपल्यांवर. वॅट आधीच्या पावपट. बाकी हालचालीला मंद लाल दिवा, कारण अंधारात बघणाऱ्या पेशींना लाल रंग फारसा जाणवत नाही.

होडीवरचे दिवे आधी दुसऱ्यांसाठी असतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि खरं तर मी विचारलंही नव्हतं. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांत सगळं आखून दिलेलं आहे. नाळेकडे तोंड करून उभं राहिलं की डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा, प्रत्येकाचा पसारा ११२.५ अंशांचा. मी हे दोन दिवे बसवले तेव्हा होडी वाळूवर ओढलेली होती. मी वाळूत, नाळेच्या समोर उभा. माझ्या डाव्या हाताला लाल लावला. तसेच ते बरेच दिवस चालले. होडीच्या उजव्या अंगाने येणाऱ्याला हिरवा दिसायला हवा. त्याला लाल दिसला, तर तो समजणार की ही होडी उलट्या दिशेने चालली आहे, आणि तसा वळणार. धक्क्यावर बसणाऱ्या एका जुन्या तांडेलाने एका संध्याकाळी आम्हाला बाहेर पडताना पाहून ओरडून विचारलं, "रे, तुझी होडी फाटल्यान चालता काय?" सगळा धक्का हसला. मामा हसला नाही. तेवढ्या रात्रींत कुणी आमच्यावर आलं नाही, हे नशीब.

त्याहून मोठी चूक काठीवरच्या दिव्यांची. मासेमारी चालू असलेल्या होडीने चौफेर दिसणारे दोन दिवे एकावर एक लावायचे असतात. जाळं वाहतं ठेवणाऱ्याने वर लाल, खाली पांढरा. ट्रॉल ओढणाऱ्याने वर हिरवा, खाली पांढरा. जाळं आडवं दीडशे मीटरहून लांब गेलं असेल, तर त्या दिशेला आणखी एक पांढरा. मला दुकानात हिरवा मिळाला, मी हिरवा लावला. रंग सुंदर दिसत होता. म्हणजे आम्ही समुद्राला सांगत होतो की आम्ही ट्रॉलर आहोत, जाळं आमच्या मागे ओढलं जातंय, पुढून खुशाल जा. आमचं जाळं पसरलं होतं पुढे. एका पहाटे एक मोठी बोट त्यावरून गेली आणि मधला तुकडा घेऊन गेली. मामाने तिला ज्या शिव्या दिल्या त्यातल्या निम्म्या माझ्या वाट्याच्या होत्या. हे मी त्याला बऱ्याच उशिरा सांगितलं, तेही नियम छापलेला कागद त्याच्या हातात दिल्यावर. तोवर दुसऱ्याला दोष देणं सोयीचं होतं.

आणि मग माकूल. हे लिहायला मला सगळ्यात जड जातंय. फ्लडलाइट काढून टाकले तेव्हा एक उरला होता. एका निवांत रात्री मी तो काठावरून पाण्याकडे वळवला, नुसतं बघायला. थोड्या वेळात उजेडाच्या गोलात बारीक जीव जमले, त्यांच्यामागे बारकी मासळी आणि त्यांच्याखाली, उजेड संपतो तिथे, माकलांच्या सावल्या. खलाशाने गळ टाकला आणि आम्ही घरच्यापुरती काढली. मग हे पुन्हा केलं. मामा झोपलेला असायचा.

तो काळ कुठला, हे मला माहीत होतं. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्राने देशाच्या सागरी आर्थिक क्षेत्रात एलईडी लावून मासेमारी करायला बंदी घातली होती. तरी बाहेर खोल पाण्यात जनरेटरवर किलोवॅटांनी उजेड ओतणाऱ्या बोटी क्षितिजावर दिसत, शहर वसल्यासारख्या. अशा उजेडाला मोठ्या मासळीबरोबर पिल्लंही येतात आणि जाळं निवड करत नाही. मालवणचे पारंपरिक मच्छीमार त्याविरुद्ध रस्त्यावर उतरले होते आणि मामा त्या मोर्चांत पुढे होता. अशा माणसाच्या होडीतून पाण्यावर पांढरा उजेड पडलेला कुणीतरी लांबून पाहिला. दुसऱ्या दिवशी लिलावाच्या जागी कोणीतरी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालं, "ह्यो बघा, आमचो एलईडीवालो इलो." मामाला काही कळेना. मी शेजारी उभा होतो.

माझा दिवा वीस-तीस वॅटचा होता, त्यांचे हजारोंचे. मी मामाला हेच सांगितलं. तो म्हणाला, लांबून वॅट कोण मोजता? त्यानंतर तो बराच काळ माझ्याशी कामापुरतं बोलला, आणि मी त्याच्याकडून कामाचे पैसे घेणं बंद केलं. दोन्हींपैकी कशानेच फार काही दुरुस्त झालं नाही. लिलावाच्या जागी हळूहळू लोक विसरले, कारण २०२१ मध्ये राज्याचा मासेमारीचा कायदा कडक झाला आणि बोलायला मोठे विषय मिळाले.

एक बारीक गोष्ट राहिली. स्वस्त एलईडीच्या आतलं सर्किट रेडिओत खरखर पेरतं. मामाच्या व्हीएचएफवर सोळा नंबरच्या चॅनेलला कुणी बोललेलं समजेना, तेव्हा आम्ही रेडिओ बिघडला म्हणून दुरुस्तीला पाठवला. रेडिओ ठीक होता. अमेरिकेच्या कोस्टगार्डने २०१८ मध्ये याच दोषाबद्दल इशारा काढला होता, तो मी फार नंतर वाचला. तपासणी सोपी आहे: दिवे बंद करून ऐका, लावून ऐका. संकटात हाक मारायचा चॅनेल दिव्याने बुजवणं यापेक्षा मोठा वेडेपणा होडीवर करता येईल असं मला वाटत नाही, आणि मी तोही केला.

गेल्या दिवाळीनंतर मामाच्या वाडीतल्या एकाने माझ्याकडून दिवे करून मागितले. मी यादी दिली. कथील चढवलेल्या वायरीचा भाव ऐकून तो म्हणाला, घरात एवढी महाग घालतोस काय? मी म्हटलं, घर बुडत नाही. तो हसला, विचार करून सांगतो म्हणाला आणि दुसऱ्याकडून अर्ध्या पैशांत करून घेतलं. काम पाहायला गेलो. क्लिपा ओळीत, कोपरे काटकोनात. लाल-हिरवे बरोबर बाजूंना होते, तेवढं बरं वाटलं. बॅटरीपाशी फ्यूज नव्हता. माझ्या पिशवीत एक होता, तो तिथेच लावून दिला. त्याने पैसे विचारले नाहीत, मी सांगितले नाहीत.