परभणीचा आकडा

आमच्या सौ.चे थोरले बंधू, ज्यांना अवघा गोतावळा ‘दादा’ म्हणतो, पिंपरीच्या एका कारखान्यातून निवृत्त झाले आणि त्यांनी घरगाडी घेतली. घरगाडी म्हणजे चाकांवरचे बिऱ्हाड. निजायला फळ्या, एक शेगडी, एक इवलीशी मोरी आणि पाण्याची टाकी. महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, तेव्हापासून हे खूळ त्यांच्या डोक्यात होते. कागदपत्रे मात्र चोख. खासगी वापराची कॅम्पर व्हॅन हा प्रकार सरकारी यादीतच आहे, आणि दादांनी तशी रीतसर नोंद करून घेतली होती.

गेल्या दिवाळीत ही गाडी आम्ही त्यांच्या सासुरवाडीला, परभणीला नेली. अहिल्यानगर, पाथर्डी, माजलगाव करीत पाथरीला पोचलो. साईबाबांचे जन्मस्थान म्हणून पुष्कळ भाविक या गावी येतात. पुढे मानवत, आणि मग परभणी. दुतर्फा काळीभोर जमीन, वेचणीला आलेला कापूस आणि ज्वारीची कोवळी पाती. डोळे निवतात, पण गाडी मात्र होडीसारखी डुलते. ही काळी माती पावसात फुगते आणि उन्हात आक्रसून भेगाळते. तिच्यावरचा रस्ता कितीही गुळगुळीत केला, तरी काही दिवसांनी त्याला लाटा येतातच. या लाटा वाचकांनी ध्यानात ठेवाव्यात. पुढे त्यांचे काम आहे.

पाडव्याला बेत ठरला. दुसऱ्या दिवशी गंगाखेडला जाऊन गोदावरीचे स्नान, संत जनाबाईच्या गावाचे दर्शन, आणि तिथून येलदरीचे धरण. मंडळी नऊ, शिवाय अंथरुणे, पातेली, फराळाचे डबे. एवढे सामान घरगाडीत मावेना. तेवढ्यात दादांची नजर वाड्यातल्या छपराखाली गेली. तिथे एक जुनी दुचाकी ट्रॉली पडली होती. एके काळी ती जीपच्या मागे लावून कापूस बाजारात नेत असत.

“एक आकडा बसवला की झाले!” दादा म्हणाले. “जन्मभर लोखंडात गेलो, भावोजी. तीन तासांचे काम!”

फराळाच्या ताटाखालच्या कागदावर नकाशा निघाला आणि आम्ही दोघे गंगाखेड रस्त्यावरच्या एका वेल्डिंगच्या दुकानात गेलो. दुकानाचे मालक साठीचे, हाताला भाजल्याचे डाग. त्यांनी नकाशा पाहिला आणि तासाभरात सुरेख आकडा घडवून दिला. दादा खूष झाले. “आता गाडी उलटी लावतो,” म्हणाले.

मालकांनी हात पुसले. “आकडा घिऊन जा, साहेब. पैसे द्या, न्हाई तर देऊ नका. पन गाडीला लावून देनार न्हाई.”

“का हो?”

“माणसाच्या गाडीला मी लावत न्हाई.”

पुष्कळ आर्जव केल्यावर त्यांनी सांगितले. काही वर्षांपूर्वी त्यांनी एका ट्रॅक्टरला उसाच्या ट्रॉलीचा जोड करून दिला होता. जोड तुटला नाही. त्याच्याखालचा पत्रा फाटला. उतारावर ट्रॉली सुटली आणि कडेने चाललेल्या एका बाईचा पाय कायमचा गेला. “लोखंड माझं पक्कं व्हतं, साहेब,” ते म्हणाले. “ज्याला लावलं ते पक्कं हाय का, हे मी इचारलं न्हाई.”

दादा काही बोलले नाहीत. पण कारखान्यातला माणूस असा सहजी हार मानत नाही. संध्याकाळी त्यांनी शेजारच्या वकीलसाहेबांना गाठले. वकीलसाहेबांनी चकली मोडत विचारले, “मेकरच्या कागदात हा आकडा आहे का?”

“नाही.”

“मग ऐका. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. बनवणाऱ्याने ठरवलेल्या तपशिलाशी नोंदणीपुस्तक जुळेनासे होईल असा फेरफार मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत हेच बजावले. कलमात ‘आकडा’ हा शब्द नाही, खरे. पण मोटारींच्या पुढे लोखंडी दांडे बसवायची हौस आली होती ना? डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने राज्यांना कळवले, की ते याच कलमाविरुद्ध आहे. पुढचा दांडा चालत नाही, तर मागच्याचे समर्थन कसे करणार?”

“आणि केलाच तर?”

“२०१९ च्या दुरुस्तीनंतर, नियमात न बसणाऱ्या दर फेरफाराला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. शिवाय ट्रॉली हे कायद्याने वेगळे वाहन. तिची नोंदणी वेगळी, आणि ओढणाऱ्या गाडीचा क्रमांक तिच्या पाठीवर हवा. म्हणजे पुढचा आकडा मागेही लिहायचा, दादासाहेब. नुसता लोखंडी आकडा पुरत नाही! अपघात झाला, तर विमा कंपनी पहिल्यांदा त्या जोडाकडेच बोट दाखवील.”

“परदेशात लोक सर्रास ओढतात,” दादांनी शेवटचा बाण सोडला.

यावर मलाच बोलावे लागले, कारण आमचा भाचा इंग्लंडात असतो. तिथेही १ ऑगस्ट १९९८ नंतर रस्त्यावर आलेल्या मोटारीला मान्यताप्राप्त आणि त्याच गाडीसाठी बनवलेला टोबार लागतो. घरी घडवलेला तिथेही चालत नाही.

वकीलसाहेब हसले. “निजामाच्या अमदानीपासून इथे एक म्हण आहे. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी!’ जमले तर जमले, नाही तर परभणी आहेच. पण रस्त्यावर ‘बनी तो बनी’ चालत नाही हो!”

दुसऱ्या दिवशी ट्रॉली छपराखालीच राहिली. निम्मी पातेली आणि दोन गाद्या घरी ठेवल्या. मेहुणीने एसटीने येणे पत्करले. गंगाखेडच्या वाटेवर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती. एकेकाच्या मागे दोन-दोन ट्रॉल्या, हत्तीसारख्या डुलत. आमच्या मागे एक तरुण जोडपे स्कूटरवर होते, मधे लहान मूल.

एवढ्यात ती लाट आली! पुढची चाके खाली गेली, मागची उसळली, आणि फळीवरचा चिवड्याचा डबा धाडकन खाली पडला. दादांनी गाडी कडेला घेतली. स्कूटरवाले सावरून पुढे निघून गेले. मूल आमच्याकडे बघून हसले.

दादा कितीतरी वेळ आरशात पाहत बसले होते. मग हळूच म्हणाले, “मागच्या चाकांपलीकडे गाडीचा सांगाडा बराच लांब लोंबतो, भावोजी. तिथे ओझे टांगले, तर पुढची चाके हलकी होतात आणि सुकाणू ऐकत नाही. ट्रॉलीत सामान मागे जास्त झाले, तर ती शेपटीसारखी हलते. हे सारे मला ठाऊक होते. नकाशा काढताना आठवले नाही.”

तीस वर्षांच्या अनुभवी माणसाने हे कबूल करावे, याला मोठे मन लागते. आम्ही कोणीच काही बोललो नाही. सौ.ने फक्त चिवडा भरून घेतला.

गंगाखेडला गोदेचे पात्र भरले होते. घाटावर बसून सौ.ने मुलांना जनाबाईची गोष्ट सांगितली. विठ्ठल तिच्याबरोबर दळायला बसे. धाकट्याने विचारले, “मग जात्याचा खुंटा कोणी बसवला?” सगळे हसले; दादा मात्र म्हणाले, “ज्याला जाते ठाऊक होते, त्याने.”

परतताना ते त्या दुकानात थांबले आणि आकड्याचे पूर्ण पैसे दिले. मालक घेईनात, तर फराळाचा डबाही पुढे केला.

तो आकडा आता पुण्याला, दादांच्या गच्चीच्या भिंतीत पक्का बसवला आहे. यंदा त्याला आकाशकंदील टांगला आहे. येणाराजाणारा विचारतो, “एवढ्याशा कंदिलाला एवढे लोखंड?” दादा ऐटीत सांगतात, “परभणीचा आहे. आणि भिंत आधी तपासून घेतली आहे!”