काचेआडचा पावसाळा

ढाणकी हे नाव मी प्रथम वाचले ते बदलीच्या हुकुमात. आमच्या कोकणातल्या शाखेत त्या दिवशी जो तो भिंतीवरच्या नकाशापाशी उभा राहून मला धीर देत होता. बोट बरेच फिरल्यावर सापडले : यवतमाळ जिल्ह्याचे अगदी खालचे टोक, उमरखेड तालुका, पैनगंगेच्या अलीकडे. जिल्हा विदर्भातला, पण मोठा बाजार करायचा, मोठा डॉक्टर गाठायचा तर माणसे नदी ओलांडून नांदेडकडे वळतात. ही गोष्ट २०२१ च्या जूनमधली.

नांदेडहून हदगावमार्गे आमची एस्टी पैनगंगेच्या पुलावर आली, तेव्हा बायकोने खिडकीतून नदीकडे पाहिले आणि मालवणीत एवढेच म्हणाली, "ह्येंचो पाऊस अजून वाटेर आसा." आम्ही आंबोली घाटाच्या पायथ्याची माणसे. वर आंबोलीला वर्षाकाठी सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. इकडे हजाराच्या आतबाहेर पडला तर शेतकरी देवाला नारळ फोडतो. उमरखेडला गाडी बदलून ढाणकीला उतरलो, तो दोन्ही बाजूंना काळी, नांगरून तापलेली जमीन वाट पाहत पडलेली. कपाशी, तूर, सोयाबीन आणि हळद ही इथली पिके. पलीकडे बिटरगावच्या अंगाला पैनगंगा अभयारण्याचे सागाचे रान सुरू होते. ते जूनमध्ये हिरवे होते आणि उन्हाळ्यात पाने गाळून असे उभे राहते, की या रानाला सावली कधी होती यावर विश्वास बसू नये.

घर मिळाले ते मात्र फार चांगले. जुने, हातभर जाडीच्या मातीच्या भिंतींचे. मधल्या खोलीत मे महिन्यातही पाय टाकला की विहिरीत उतरल्यासारखे वाटे. घरमालक सत्तरी ओलांडलेले शेतकरी. त्यांना सारी गल्ली काका म्हणे, म्हणून आम्हीही काकाच म्हणू लागलो. ते मला 'साहेब' म्हणत आणि माझ्या तीन वर्षांच्या मुलीला 'बाई'.

त्या वर्षी गणपतीला गावी गेलो, तेव्हा घरामागच्या जांभ्याच्या गडग्यावर बिगोनिया फुलली होती. ही आमची गावठी जात. शास्त्रीय नाव बिगोनिया क्रेनाटा. वीतभर उंची, रसाळ तांबूस देठ, एका अंगाला कललेले पान आणि फिकट गुलाबी फुले. बिगोनियाचे पान कधी सरळ दुभंगत नाही. एक बाजू नेहमी मोठी, जणू देवाने मध्यरेषा आखताना कुणीतरी हाक मारली. लहानपणी आम्ही हिचे आंबट देठ चघळत असू. सह्याद्रीच्या ओल्या कातळावर ही पावसाबरोबर येते आणि पावसाबरोबर जाते. मागे राहतो मातीत एक चिमुकला कंद. आपल्याच गडग्यावरची, म्हणून कुणाला न विचारता दोन रोपे मातीसकट डब्यात घातली आणि ढाणकीला आणली.

का आणली, याला उत्तर नाही. घरची आठवण म्हणून लोक लोणचे नेतात, फणसपोळी नेतात. मी पाऊस न्यायला निघालो होतो.

बिगोनियाला ओली हवा लागते. ढाणकीच्या हवेत ओलावा तेवढा नाही. यावरचा तोडगा मात्र मला नवा शोधायचा नव्हता. नॅथॅनियल वॉर्ड नावाच्या लंडनच्या डॉक्टराने १८२९ च्या सुमारास पतंगाचा कोश ओल्या मातीत घालून झाकणाच्या बाटलीत ठेवला होता. पतंग राहिला बाजूला, मातीतून एक नेचा आणि एक गवत उगवले. लंडनच्या धुरकट हवेत त्याच्या बागेतले नेचे मरत आणि बाटलीतला हा मात्र पाणी न घालता जवळजवळ चार वर्षे जगला. शेवटी झाकण गंजले आणि त्याचा खेळ आटोपला. दिवसा मातीतली वाफ काचेला लागे, रात्री थेंब होऊन खाली येई. मातीतून काचेवर आणि काचेवरून मातीत, तेच पाणी पुनःपुन्हा. पुढे वॉर्डच्या या पेट्या जहाजांवर चढल्या. १८३३ साली दोन पेट्या लंडनहून सिडनीला सुखरूप पोचल्या. चीनमधून आणलेली चहाची रोपे आणि दक्षिण अमेरिकेतून निलगिरीत आलेली सिंकोना अशाच पेट्यांतून हिंदुस्थानात उतरली. आपण सकाळी चहाचा कप तोंडाला लावतो, त्यात त्या डॉक्टरच्या पतंगाचा थोडा वाटा आहे.

मी नांदेडहून माशांची अडीच फुटी काचेची टाकी आणली. तळाशी धुतलेले खडे, त्यावर कोळशाचा चुरा, वर नारळाचा भुसा आणि शेताच्या बांधावरच्या सागाखालचा कुजलेला पाला. वर काचेचे झाकण. ऊन मुळीच नाही, कारण बंद काच उन्हात ठेवली की आतली झाडे उकडून निघतात. मधल्या थंड खोलीत एलईडीची एक नळी. गल्लीत उन्हाळ्यात पाण्याचे ड्रम भरून ठेवावे लागत. घागरभर पाण्यावरून सासवा-सुनांत अबोला होई. आणि कोकणातल्या साहेबाने झाडांसाठी टाकी आणली, ही बातमी पसरताच लोक पाहायला आले. मी एक तांब्या पाणी ओतले आणि झाकण लावले. "आता परत कधी?" काकांनी विचारले. दोन-तीन महिन्यांनी, मी म्हणालो. काकांनी काचेवर साचलेल्या थेंबांना बाहेरून बोट लावले, बोट कोरडे निघाले, ते बोटाकडे पाहत राहिले. त्या दिवसापासून माझ्या पेटीवर त्यांचा अर्धा हक्क.

दिवाळीनंतर पाने पिवळी पडू लागली. मी घाबरून पाणी वाढवले. आठ दिवसांत एका रोपाचा कंद पाण्यात विरघळलेल्या साबणासारखा झाला. दुसऱ्याला पाणी घालणार, एवढ्यात काका ओरडले, "साहेब, पाणी पाजून मारता काय तिले? ती झोपून राह्यली. हळदीचं बेणं कसं ठेवतो आम्ही? कोरडं, सावलीत. मिरगाशिवाय जागं करत नसते त्याले."

मी पुस्तके वाचली होती. 'सुप्तावस्था' हा शब्द मला पाठ होता. पण सुप्तावस्था म्हणजे हळदीचे बेणे, हे मला कोणत्याच पुस्तकाने सांगितले नव्हते. या मुलखात फेब्रुवारी-मार्चमध्ये हळद शिजते. वाफेचा तो मातकट, तिखट वास दिवसभर कपड्यांना राहतो. निवडलेले बेणे झाडाच्या सावलीत ढीग करून, वर पाला घालून मृगापर्यंत निजवतात. काकांनी माझा उरलेला कंद कोरड्या मातीत, त्यांच्या बेण्याशेजारी ठेवला. बाहेर पारा चव्वेचाळीसवर गेला. २०२२ च्या जूनमध्ये कंदाला गुलाबी डोळा आला.

तेव्हा मला खरी हाव सुटली. पुण्याच्या एका रोपवाटिकेतून मी एक 'रेक्स' आणली होती. रेक्स म्हणजे राजा. हिचे मूळ घराणे आसामचे. १८५७ साली बेल्जियममध्ये तिचे नामकरण झाले आणि आज घरोघरी दिसणारी चंदेरी-जांभळ्या पानांची बिगोनिया बहुतेक तिच्या वंशातली. गडग्यावरची ही गरीब आई आणि आसामचा हा राजबिंडा बाप, यांचे जमले तर? या कुळात दोन हजारांहून अधिक जाती आहेत आणि माणूस दीडशे वर्षांहून अधिक काळ त्यांची लग्ने लावतो आहे. यातले मला सर्वांत आवडते लग्न फ्रान्सच्या लमॉइन नावाच्या माळ्याने १८९१ च्या सुमारास लावलेले. वधू सोकोत्रा बेटावरची. अरबी समुद्रातले ते उघडे-बोडके, तापलेले बेट. तिथली बिगोनिया उन्हाळाभर झोपते आणि हिवाळ्यात फुलते. ती १८८० मध्ये बाल्फोर नावाच्या स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने शोधून आणली होती. तिचा दक्षिण आफ्रिकेच्या एका जातीशी संबंध जुळला आणि नाताळात युरोपच्या खिडक्या फुलवणारी 'ग्लुआर द लोरेन' जन्मली. रखरखीत मुलखातल्या एका झोपाळू झाडामुळे बर्फातल्या घरांत फुले आली. ढाणकीत बसून हे वाचताना मला केवढा धीर आला म्हणून सांगू!

पानापासून रोप करणे सोपे. रेक्सचे पान उलटे करून मागच्या शिरा पात्याने कापायच्या, पान ओल्या भुशावर पसरून ठेवायचे, महिन्याभरात शिरेशिरेला बाळ. पण तेच झाड पुन्हा. नवे हवे तर बी हवे, आणि बी हवे तर लग्न. बिगोनियात नर आणि मादी फुले एकाच झाडावर, पण वेगवेगळी. मादी फुलामागे तीन पाखांचा बीजकोश असतो, नराच्या मागे काही नाही; ओळखायला पोर लागते, पंडित नको. माझ्या मुलीला ते चौथ्या वर्षी येऊ लागले. अडचण मुहूर्ताची. क्रेनाटा फुले श्रावण-भाद्रपदात आणि माझी रेक्स फुले फाल्गुनात. मग नर फुले वाळवून, पराग कागदाच्या पुडीत बांधून, भाजलेल्या तांदळाच्या डबीत, ती डबी फ्रिजमध्ये. बायकोने डबीवर 'जावई' असे लिहून ठेवले.

२०२२ साली दहा-बारा फुलांवर पराग टेकवले. सारी गळाली. एकच बोंड धरले. पिकल्यावर फोडले तर आत नुसता भुसा. रात्री वीज गेली की मी बॅटरी घेऊन पेटीपाशी बसे. बायको म्हणाली, माणसांचे तापमान कधी मोजलेत का? आमच्या मुलीला तेव्हा ताप होता. मी पेटीतला पारा वाचत होतो. ते वाक्य मला अजून लागते, आणि लागावे.

२०२३ साली पुन्हा केले. यावेळी मादी कळ्या उमलण्याआधीच दोऱ्याने खूण केली, जवळची नर फुले चिमटून टाकली. एक बोंड दिवाळीच्या सुमारास पिकले. बी म्हणजे तपकिरी धूळ. शिंक आली तर वर्षाची मेहनत हवेत. ती मातीवर नुसती भुरभुरायची, झाकायची नाही. तिला उजेड लागतो. तीन आठवड्यांनी भिंगातून हिरवे ठिपके दिसले. बुरशीने बरेच नेले. उरली चार.

रीत अशी, की संकराचे नाव लिहिताना आधी आई, मग गुणिलेची खूण, मग बाप. मी चिठ्ठी लिहून तयार ठेवली आणि वर्षभर लावली नाही. कारण चारही रोपांची पाने हुबेहूब गडग्यावरची. एखाद्या चिलटाने आईच्याच नर फुलाचे पराग आधी नेऊन टाकले असतील, तर माझा जावई डबीतच राहिला. २०२४ च्या दिवाळीनंतर तीन रोपे रीतसर पिवळी पडली आणि निजली. चौथे निजले नाही. त्याच मातीत, त्याच नळीखाली ते हिरवे राहिले, पौषातही, माघातही. आणि कोवळ्या पानाच्या शिरांमध्ये काहीतरी चकाके. चंदेरी म्हणावे असे नाही. काका म्हणत, आहे. बायको म्हणे, काचेचा उजेड आहे. निकाल फुलावर होता आणि फूल येईना.

२०२५ च्या मे महिन्यात बदलीचा हुकूम आला. परत कोकण! घरात आनंद व्हायला हवा होता. मुलगी पहिलीत, तिची शाळा, मैत्रिणी, वऱ्हाडी सारे इथले. "मले नाही यायचं," ती म्हणाली. बायकोने चार वर्षे 'मले'शी झुंज दिली होती. त्या दिवशी ती काही बोलली नाही.

अडीच फुटी पेटी एस्टीत जाणार नव्हती. रोपटे डब्यात नेता आले असते. पण बंद हवेत वाढलेले रोप उघडले की तासाभरात मान टाकते आणि मेच्या उन्हात दोन दिवसांचा प्रवास. मी डब्याला भोके पाडली, बुजवली, पुन्हा पाडली. शेवटी मुलगीच म्हणाली, "तिले इथंच राहू द्या. ती इथली हाय." काकांनी पेटी आपल्या माजघरात नेली. निजलेले कंद हळदीच्या बेण्यात गेले. चौथ्याची चिठ्ठी मी कोरी ठेवली.

मृगात काकांचा फोन आला : तिघी जाग्या झाल्या. यंदा गणपतीत आम्ही आमच्याच गडग्यासमोर उभे होतो, सगळीकडे क्रेनाटा फुललेली, ना काच ना झाकण, वरून पाऊस ओततो आहे. मुलीला नव्या शाळेत 'मले' म्हटल्यावर मुले हसतात, म्हणून ती हल्ली कमी बोलते. तेवढ्यात फोन वाजला. काका होते. "साहेब, चौथीनं फूल काढलं." मी रंग विचारला. "पांढरं म्हणावं तं पांढरं नाही. गुलाबी म्हणावं तं..." मी आणखी काही विचारणार, तो मुलीने फोन माझ्या हातातून घेतला.

"आबा, नर हाय का मादी? मांगं तीन पाखं हायेत का, ते पाहा ना."

"थांब बाई," काका म्हणाले, "चष्मा आणतो." फोन बाजेवर ठेवल्याचा आवाज आला. मग ढाणकीतल्या त्या घरातल्या बकरीचा आवाज, आणि पेटीचे झाकण सरकल्याचा. मुलगी छत्रीखाली फोन कानाला घट्ट लावून उभी राहिली.