राखेचा स्लॅब

साइटवर फ्लाय ॲशचं नाव काढलं की कुणीतरी विचारतंच, "मॅडम, सिमेंटात राख म्हणजे भेसळच ना?" भेसळ नाही. औष्णिक वीज केंद्राच्या धुरातून पकडलेली ही अतिसूक्ष्म राख असते. सिमेंट पाण्यात मुरताना जो चुना मोकळा होतो, त्याच्याशी राखेतली सिलिका सावकाश जुळते आणि काँक्रीट आणखी घट्ट होतं. फ्लाय ॲशवाल्या पीपीसी सिमेंटच्या पोत्यात ती 15 ते 35 टक्के असतेच.

मी विदर्भात अशाच एका केंद्राजवळ वाढले. दोरीवरच्या कपड्यांवरची राख झटकणं हे आमचं रोजचंच होतं. सिमेंटचा मूळ घटक असलेला क्लिंकर एक टन भाजताना नुसत्या चुनखडीतून अर्ध्या टनाच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो आणि तो टाळायला हीच राख कामी येते, हे कॉलेजात कळलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता.

पण राखेचं काँक्रीट सावकाश धरतं. एका इमारतीचा स्लॅब आम्ही मे महिन्यात भरला, सिमेंटच्या जागी 30 टक्के राख घालून. सातव्या दिवशी क्यूब फोडले तर ताकद नेहमीपेक्षा कमी. ठेकेदाराला वरच्या मजल्यासाठी सेंट्रिंग हवं होतं. प्लेटा भाड्याच्या, भाडं रोज चढत होतं. त्याची अडचण खरी होती, तरी मी टेकू हलवू दिले नाहीत. आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकात टेकू काढण्याची मुदत साध्या सिमेंटसाठी दिली आहे. राख असेल तर ती बदलावी लागते. पाणीही 7 दिवसांऐवजी किमान 10 दिवस हवं. त्या उन्हात मी स्लॅबवर बांध घालून 14 दिवस पाणी भरून ठेवायला लावलं. टँकरच्या खर्चावरून वाजलंच. मिस्त्री तेवढे माझ्या बाजूने बोलले, "हा माल उशिरा धरते मॅडम, पण मग सोडत नाही."

अठ्ठाविसाव्या दिवशी क्यूब पास झाले, छप्पन्नाव्या दिवशी ताकद आणखी वाढलेली होती.

सह्याद्रीतल्या घाटघर प्रकल्पाची धरणं ही रोलरने दाबलेल्या काँक्रीटची भारतातली पहिली धरणं. त्यांच्या मिश्रणात सिमेंटपेक्षा राखच जास्त. तिथे हा सावकाशपणा गुणाचा ठरतो, कारण एवढं मोठं काँक्रीट आतून कमी तापतं आणि तडे टळतात. इमारतीत मात्र त्याचे पैसे पडतात. म्हणून पुढच्या निविदेत मी सेंट्रिंगचे जास्तीचे दिवस आणि क्युरिंगचं पाणी या वेगळ्या बाबी घालायला लावल्या. राखेमुळे सिमेंटचा खर्च वाचतो तो मालकाचा. थांबण्याचा खर्च एकट्या ठेकेदाराने का सोसावा?