गणतीबाहेरची मनी

शाहूवाडी तालुक्यातलं एखादं जोडपं कोल्हापूर बघायला निघतं, तेव्हा दिवसाचा नेम ठरलेला असतो. मलकापूरहून नाहीतर बांबवड्याहून सकाळची एसटी, आधी अंबाबाईचं दर्शन, मग भवानी मंडप, दुपारी न्यू पॅलेस, वेळ उरला तर टाऊन हॉलमधलं संग्रहालय आणि उन्हं उतरली की रंकाळा. मलकापूर ते कोल्हापूर अंतर सुमारे ४५ किलोमीटर. पण घरात जनावरं असली की या एका दिवसाच्या सहलीचीही तयारी आदल्या रात्रीपासून करावी लागते. म्हशीची धार शेजारणीकडे, कोंबड्या डालायचं काम तिच्या पोराकडे, वैरण कुठं काढून ठेवली आहे तेही सांगून झालेलं असतं. मांजराबद्दल मात्र कुणाला काही सांगितलं जात नाही. फार तर निघताना दाराशी करवंटीत दूधभात कालवून ठेवतात. ते आपलं बघून घेईल, असं सगळेच धरून चालतात. या धरून चालण्याविषयीच मला लिहायचं आहे. जे जनावर घरात सर्वांत मोकळेपणानं वावरतं, चुलीपासून अंथरुणापर्यंत ज्याला मज्जाव नसतो, त्याच्याच आयुष्याची आपण सर्वांत कमी नोंद ठेवतो. त्यापायी आपल्याच घराच्या इतिहासाचा एक मोठा तुकडा हरवतो, असं माझं म्हणणं आहे.

ज्या संग्रहालयाकडे हे जोडपं निघालेलं असतं, तिथूनच सुरुवात करू. न्यू पॅलेसची इमारत १८७७ ते १८८४ या काळात चार्ल्स मँटच्या आराखड्यावर उभी राहिली. तळमजल्यावरच्या शहाजी छत्रपती संग्रहालयात पोशाख आहेत, शस्त्रं आहेत, दरबार हॉल आहे. पण माणसांचे पाय रेंगाळतात ते पेंढा भरलेल्या जनावरांपाशी. वाघ, काळा बिबट्या, अस्वल, रानकुत्री. काचेचे डोळे, ताणून बसवलेला जबडा. शाहूवाडीच्या माणसाला यातली काही मंडळी परकी नाहीत. गवा त्याच्या शेतात उतरतो, बिबट्या वाडीवरचं कुत्रं उचलतो. कोल्हापूर संस्थानात चित्तेही होते. काळविटाच्या शिकारीसाठी ते पाळले जात आणि इकडचे चित्ते दुर्मीळ झाल्यावर आफ्रिकेतून आणवले गेले. त्यांच्यासाठी माणसं नेमलेली असत, गाडी असे, डोळ्यांवर घालायची टोपी असे. एवढं करूनही चित्ता कधी पाळीव झाला नाही. बंदिवासात तो जवळजवळ वितच नसे. जहांगीर बादशहानं आपल्या आठवणींत चित्त्याच्या मादीला पिलं झाल्याची गोष्ट नवल म्हणून लिहून ठेवली आहे. म्हणजे प्रत्येक चित्ता नव्यानं रानातून धरून आणावा लागे. मांजराला कुणी धरून आणलं नाही. पश्चिम आशियात माणूस धान्य साठवू लागला, धान्यामागं उंदीर आले, उंदरांमागं रानमांजर आलं आणि राहिलं. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी मांजर पुरलेलं सापडलं आहे. त्या बेटावर मांजर मूळचं नाही. कुणीतरी ते होडीतून सोबत नेलं होतं. ज्याच्यामागं राजदरबाराचा पैसा होता, तो चित्ता या देशातून गेला. जे आपल्या पायांनी आलं, ते आजही माळ्यावर वितं. पण काचेच्या कपाटात आणि पाटीवर जागा मिळाली ती पहिल्यालाच.

कुणी म्हणेल, संग्रहालयं राजांची, त्यात गरिबाच्या घरचं मांजर कशाला शोधायचं? पण मोजदाद ठेवणाऱ्या आजच्या सरकारी दप्तरातही तेच आहे. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत गायी, म्हशी, शेळ्या, मेंढ्या, डुकरं, घोडे, गाढवं, उंट मोजले गेले. कुत्रे, ससे आणि हत्तीसुद्धा मोजले गेले. मांजर त्या यादीत नाही. गोठ्यातल्या म्हशीच्या कानात बारा आकडी क्रमांकाचा बिल्ला असतो, तिच्या दुधाचा फॅट आणि लिटर दूधसंस्थेच्या पुस्तकात सकाळ-संध्याकाळ उतरतो. कुत्र्याला तर आपल्याकडे दगडातली आठवणही लाभली आहे. साताऱ्याच्या थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी संगम माहुलीला आहे. मांजराच्या वाट्याला आल्या त्या म्हणी. शिंक्याचं तुटलं आणि बोक्याचं फावलं, मांजर आडवं गेलं, मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार. या म्हणींतलं मांजर चोर नाहीतर अपशकुनी. एवढ्या जवळच्या जनावराची भाषेत इतकी एकतर्फी साक्ष नोंदलेली असेल, तर उलटतपासणी व्हायलाच हवी.

रोजच्या वस्तूला इतिहासात जागा नसते, ही समजूत आपल्याच एका जोडप्यानं खोटी ठरवली आहे. पुण्याच्या दिनकर केळकरांनी आणि कमलाबाईंनी जन्मभर गोळा केलं ते काय? दिवे, अडकित्ते, वज्र्या, स्वयंपाकघरातली भांडी. अकाली गेलेल्या राजा या मुलाच्या नावानं तो संग्रह १९६२ मध्ये त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला. आज त्यात वीस हजारांवर वस्तू आहेत आणि पेशव्यांच्या काळातल्या बाईचं स्वयंपाकघर कसं होतं हे बघायचं तर लोक तिथंच जातात. कोल्हापूरच्या टाऊन हॉलमध्ये ब्रह्मपुरीच्या उत्खननातली पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती आहे. रोमन जगाशी या गावाचा व्यापार होता याचा तो पुरावा म्हणून तिचं नाव झालं. पण त्याच मातीतून निघालेली साधी खापरं आणि मणी यांच्यावाचून ते गाव राहत कसं होतं, हे कळलं नसतं. मांजराच्या बाबतीतला सर्वांत बोलका पुरावा तर एक वीट आहे. सिंधू संस्कृतीतल्या चन्हुदडो इथं १९३५-३६ च्या उत्खननात ती मिळाली. ओली वीट उन्हात वाळत पडली होती, तिच्यावरून आधी मांजर धावलं आणि त्याच्या मागं कुत्रा. मांजराच्या पंजाचा ठसा आहे आणि त्यावर किंचित चढलेला कुत्र्याचा. ठसे खोल आहेत, बोटं फाकलेली आहेत, म्हणजे दोघंही जिवाच्या आकांतानं पळत होती. चार हजार वर्षांपूर्वीच्या एका दुपारचे ते दोन क्षण आहेत. तो पाठलाग कुणी लिहून ठेवला नव्हता. विटा पाडणाऱ्यानं ती वीट मोडली नाही, फेकली नाही, भाजली. म्हणून आपल्याला कळतं की त्या गावात मांजर होतं, कुत्रं होतं आणि त्यांचं पटत नव्हतं.

आता शाहूवाडीच्या घरातल्या मांजराचं आयुष्य अशाच बारकाईनं बघा. ते जन्मतं माळ्यावर, भाताच्या पिंजरात नाहीतर गोणपाटाच्या घडीत. आई साधारण नऊ आठवडे गाभण असते. पिलांचे डोळे आठ-दहा दिवसांनी उघडतात, आणि त्याच सुमारास आई एकेकाला मानेला धरून जागा बदलू लागते. सात घरं दाखवते म्हणतात. त्या सात घरांची यादी केली तर वाडीचा नकाशाच हाती येतो: कुणाचा माळा रिकामा पडला, कुणाच्या परड्यातला गोठा मोडला, कुणाचं दार मुंबईला गेल्यापासून बंद आहे. पिलं मोठी होतात ती सुगीच्या अंदाजानं. खळ्यावर भात आलं की उंदीर खळ्यावर, भात कणगीत गेलं की उंदीर घरात, आणि मांजर त्यांच्या पाठीवर. शेणानं लिंपलेल्या कणगीला खालच्या अंगाला भोक पडलं, हे घरधन्याच्या आधी मांजराला कळतं. ते तिथं तासन्‌तास कान टवकारून बसतं. उंदराचं आपल्याला न ऐकू येणारं बारीक किचकिचणं त्याला ऐकू येतं. ते बसलं आहे तिथं हात घालून बघायचं, हे जुन्या बायका नेमकं ओळखून होत्या. जून लागला आणि आंबा घाटाकडून पावसाची झड आत शिरली की मांजर वैलाजवळ सरकतं, आणि सप्टेंबर सरेपर्यंत त्याची ती जागा हलत नाही. चूल जाऊन गॅस आला तेव्हा त्या जागेची ऊब गेली. मांजर टीव्हीमागं, पोत्यांवर, म्हातारीच्या वाकळेत शिरलं. कणगी जाऊन पत्र्याची कोठी आली तेव्हा त्याचं निम्मं काम गेलं. कौलं जाऊन स्लॅब आला तेव्हा माळा गेला आणि बाळंतपणाची जागा गेली. घर बदलल्याची एवढी तंतोतंत नोंद घरपट्टीच्या पावतीवर नसते. मांजर कुठं झोपतं हे दर दहा वर्षांनी लिहून ठेवलं असतं, तर या तालुक्यातल्या घराचा शंभर वर्षांचा इतिहास तेवढ्यावर उभा राहिला असता.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की सगळी मांजरं सारखीच, लिहायचं काय? आक्षेपाचं मूळ मला नावात दिसतं. म्हशीला चंद्री, मोरी, कपिली अशी नावं पडतात. मांजराचं नाव मनी, बोक्याचं नाव बोका. एक मनी गेली की तिची लेक मनी होते. नाव पाटीलकीसारखं वारसानं चालतं आणि चार पिढ्यांच्या चार मांजरी आठवणीत एकच होऊन बसतात. कुणाचा कान फाटलेला होता, कोणती पाण्यात उतरायची, कोणती उंदीर मारून बाळंतिणीच्या खोलीच्या उंबऱ्यावर आणून ठेवायची, हे सगळं एकाच मनीच्या खात्यावर जमा होतं. ती सारखी असतात म्हणून आपण लिहीत नाही, असं नाही. लिहीत नाही म्हणून ती सारखी दिसतात. मराठीत व्यंकटेश माडगूळकरांनी ‘सत्तांतर’मध्ये रानातल्या वानरांच्या टोळीला एकेका नरासकट, एकेका मादीसकट वेगळं केलं आणि १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्या पुस्तकाला मिळाला. रानातल्या वानराला जे मिळतं, ते पाटाशेजारी बसणाऱ्या मांजराला मिळू नये, याला कारण नाही.

दुसरा आक्षेप जुना आहे: कुत्रं माणसाचं, मांजर घराचं, त्याला जिव्हाळा कसला? याला उत्तर द्यायला भावनेची गरज नाही. जपानमधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं की मांजर मालकाचा आवाज परक्या आवाजापासून वेगळा ओळखतं. २०१९ मध्ये दाखवलं की तशाच वजनाच्या इतर शब्दांतून ते स्वतःचं नाव वेगळं काढतं. हाक ऐकून ते उठून येत नाही, कान फिरवतं. आपण धावत येण्याला माया म्हणत आलो आणि कान फिरवण्याला बेपर्वाई. शाहूवाडीतल्या अनेक घरांत आज दोनच माणसं उरली आहेत. मुंबईच्या गिरणीतून परतलेला म्हातारा आणि त्याची बायको. मुलं पुण्यात नाहीतर मुंबईत. त्या घरात संध्याकाळी सातनंतर तिसरा आवाज मांजराचाच असतो. ‘अहो, मनी आली का?’ ‘आली, चुलीपाशी आहे बघ.’ दोन माणसांचं दिवसातलं एवढं एक तरी बोलणं त्या जनावरामुळं होतं. जिव्हाळ्याचं याहून मोठं माप मला ठाऊक नाही.

तिसरा आक्षेप मात्र मी मनापासून मान्य करतो. तालुक्याला लागून चांदोलीचं रान आहे. २००४ मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झालं, २०१० मध्ये कोयनेच्या रानासह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात गेलं. रानाच्या कडेला मोकाट फिरणारं पाळीव मांजर पाखरं मारतं, सरडे मारतं, रानमांजराशी त्याचा संकर होऊ शकतो, आणि घरगुती रोग रानातल्या मांजरकुळात जाऊ शकतात. मांजरावर माया असणाऱ्यानं हे झाकून ठेवू नये. पण हे नुकसान वाढतं ते कुणाच्या नसलेल्या मांजरांमुळं. ‘ते आपलं बघून घेईल’ म्हणत पिलं पोत्यात घालून बाजारात किंवा घाटात सोडून येण्याची रीत अजून गेलेली नाही, आणि ती पिलं उपाशी मरतात नाहीतर रानात शिरतात. ज्या मांजरीच्या नावावर तारीख लिहिली आहे, तिची नसबंदी करायची की नाही हा प्रश्न घरात विचारला जातो, रेबीजच्या लसीची आठवण राहते, पिलं कुणाला दिली याचा हिशेब लागतो.

एका शेवटच्या गोष्टीकडे बघू. मांजर घरात मरत नाही, असं गावाकडे म्हणतात. आजारी मांजर आडोसा शोधतं, लाकडाच्या ढिगामागं, गवताच्या गंजीत जाऊन पडतं. म्हणून ते ‘गेलं’ एवढंच घराला कळतं. म्हैस मेली की तारीख राहते, कारण विम्याचा कागद असतो. मांजर चार दिवस दिसलं नाही की पाचव्या दिवशी करवंटी उचलली जाते. कोल्हापूरहून शेवटच्या गाडीनं परतलेलं जोडपं दार उघडतं तेव्हा बाई दिवा लावायच्या आधी हाक मारते, आणि बाप्या पिशवीतला केळ्यांचा घड खाली ठेवून चुलीमागं डोकावतो. भिंतीवर कालनिर्णय असतं. त्याच्या चौकटींत म्हैस कधी गाभण राहिली, गॅस कधी लावला, मुलाचा फोन कधी आला, हे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, आणि पेन दोऱ्यानं खिळ्याला बांधलेलं असतं. त्याच अक्षरात, रिकाम्या राहिलेल्या एखाद्या चौकटीत, एवढंच मावेल: मनी व्याली, माळ्यावर, तीन पिलं, एक पांढरं.