यमाईच्या डोंगरावरील चित्रांचे घर

साताऱ्याहून रहिमतपूरमार्गे औंधला निघाले की दोन्ही बाजूंना माळरान लागते. खटाव तालुक्याचा हा भाग कमी पावसाचा. गेल्या हिवाळ्यात पाणलोटाची कामे दाखविण्यासाठी मी आमच्याकडील शेतकरी मंडळींना घेऊन इकडे आलो होतो. काम आटोपल्यावर एकजण म्हणाले, "साहेब, एवढे आलोच आहोत, तर यमाईचे दर्शन घेऊन जाऊ."

देवीचे मूळपीठ डोंगरमाथ्यावर आहे. देवळाकडे चढताना वाटेत श्री भवानी वस्तुसंग्रहालय लागते. औंध संस्थानचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी ते १९३८ साली उभारले. संस्थान अवघ्या ७२ गावांचे आणि मुलूख बराचसा कोरडवाहू. पण राजा स्वतः चित्रकार आणि कीर्तनकार. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताची संशोधित आवृत्ती काढण्याचे ठरले, तेव्हा १९१८ साली त्यांनी एक लाख रुपयांची देणगी जाहीर केली. त्याच सुमारास चित्रकार व वेदपंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर यांना त्यांनी औंधात आश्रय दिला. त्यांचे चिरंजीव माधव सातवळेकर याच वातावरणात वाढले आणि पुढे महाराष्ट्राचे कला संचालक झाले.

आत राजा रविवर्मा, धुरंधर, बाबूराव पेंटर यांची चित्रे आहेत. पहाडी शैलीतील नाजूक चित्रे आहेत. वरून येणारा दिवसाचा उजेड त्यांवर पडतो. हा ठेवा पुण्या-मुंबईत नेला असता तर नाव अधिक झाले असते. पण राजाने तो ठेवला आपल्या खेड्यात, देवीला येणाऱ्या माणसांच्या वाटेवर.

हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराने घडविलेली दगडी आई आणि तिचे मूल येथे आहे. आमच्यातील एक गृहस्थ तेथे बराच वेळ थांबले. म्हणाले, "चेहरा काही नीट दिसत नाही. पण पोराला धरलंय मात्र आईनंच." मग हळूच म्हणाले, "साहेब, आमची थोरली फार चित्रं काढते. ड्रॉइंगच्या परीक्षेला बसते म्हणते. त्यानं पोट भरतं का हो?"

मला एकदम जुनी गोष्ट आठवली. वीस वर्षांपूर्वी एका बापाने आपल्या मुलाविषयी मला हेच विचारले होते. मी तडक सांगितले होते, "नाद सोडायला लावा." मुलाने सोडला. तो आता कारखान्यात पाळीवर जातो. परवा भेटला तेव्हा म्हणाला, "तेव्हापासून पेन्सिल धरली नाही." तो रागावला नव्हता. त्याचेच मला अधिक लागले.

म्हणून या वेळी मी उत्तराची घाई केली नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांची हकीकत सांगितली. हा माणूस मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकायला गेला. रंग ओळखण्यात दोष निघाला, तेव्हा रंगकाम सोडून तो यंत्रांच्या आकृत्या काढू लागला. पुढे त्याने लोखंडी नांगर केला. बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा बाळासाहेबांनीच त्याला औंधला देवीच्या मंडपाचे काम दिले आणि १९१० साली कुंडलजवळ माळाची जमीन दिली. तीच किर्लोस्करवाडी. आपल्या आजोबांनी जो नांगर धरला, त्याच्यामागे चित्र काढणारा हात होता आणि त्या हाताला जपणारा एक राजा होता.

"प्रत्येक पोराचं असं होईल हे मी सांगू शकत नाही," मी म्हणालो, "पण परीक्षेला बसू द्या."

१९४८ साली संस्थान विलीन झाले. १९५१ साली बाळासाहेब गेले. चित्रे मात्र आहेत. पौषात यमाईची यात्रा भरते; तेव्हा किंवा सुगी आटोपल्यावर मुलाबाळांसह जरूर जा. देवीपुढे नारळ ठेवा आणि उतरताना घटकाभर चित्रांपुढेही थांबा.

परतताना त्या गृहस्थांनी रहिमतपुरात गाडी थांबवायला लावली. दुकानातून रंगाची पेटी घेतली आणि काही न बोलता पिशवीत ठेवली.