पेरूतला 'पेरू'

पेरू हे फळ दक्षिण अमेरिकेकडचं आणि पेरू नावाचा देशही तिथलाच, म्हणून देशावरून फळाला नाव पडलं, अशी समजूत सर्रास आढळते. ती चुकीची आहे, असं मला ठामपणे वाटतं. नुसत्या मराठी शब्दाकडे बघून हे उमगत नाही; शेजारच्या भाषा ऐकाव्या लागतात. गोव्याच्या कोंकणीत या फळाला 'पेर' म्हणतात, मल्याळममध्ये 'पेरय्क्का', बंगालीत 'पेयारा' आणि सिंहलीत 'पेर'. गोवा, कोची, हुगळी, श्रीलंका ही सगळी पोर्तुगिजांच्या वावरातली ठिकाणं. पोर्तुगीज भाषेत 'पेरा' म्हणजे नासपती. आसगावात जन्मलेल्या मोन्सिन्योर दालगादो यांनी आशियाई भाषांतल्या पोर्तुगीज शब्दांवरच्या आपल्या १९१३ सालच्या ग्रंथात हेच मूळ दिलं आहे. दूरदेशी आलेल्या माणसांना एका फळात घरच्या फळाचा आकार दिसला आणि त्यांनी घरचंच नाव त्याला दिलं.

यावर कुणी म्हणेल, मग मराठीत शेवटी 'ऊ' कुठून आला? शिवाय टर्की पक्ष्याला पोर्तुगीज 'पेरू' म्हणतात, ते देशावरूनच. पक्ष्याचं खरं आहे. पण फळाचं नाव देशावरून पडलं असतं, तर तो 'ऊ' कोंकणी, मल्याळम, बंगाली, सिंहली या चारही भाषांतून एकदम गळून कसा पडला? उलट लिंबू, काजू, चिकू यांच्या पंगतीत मराठीने 'पेरा'चा 'पेरू' करणं अगदी सहज वाटतं. त्याहून बोलका पुरावा हिंदीत आहे. तिथला 'अमरूद' फारसीतून आला आणि फारसीतही त्याचा अर्थ नासपतीच. तुर्कीतला 'अर्मुत' त्याचाच भाऊबंद. म्हणजे पोर्तुगीज आणि फारसी, एकमेकांशी न बोलता, त्याच उपमेवर पोचले. लिनियसनेही या फळाच्या एका प्रकाराला 'पायरिफेरम', म्हणजे नासपतीसारखी फळं देणारा, असं नाव दिलं होतं.

विदर्भाने मात्र परकी उपमा घेतलीच नाही. तिथे पेरूला 'जांब' म्हणतात, आणि गुजरातीत 'जामफळ'. कोकणात 'जाम' म्हणजे वेगळंच पाणीदार फळ, जांभळाच्या जवळचं. नासपती गुलाबाच्या कुळातली, तिचं पेरूशी साम्य केवळ आकाराचं. पण पेरू, जाम आणि जांभूळ हे तिन्ही वनस्पतिशास्त्राने एकाच कुळात, मिर्टेसीमध्ये, ठेवले आहेत.