साडेसहा फुटी माणसाची वाट

गिझाच्या खाफ्रेच्या पिरॅमिडच्या तोंडाशी बसलेल्या पहारेकऱ्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि स्वतःच्या कपाळावर दोनदा टिचकी मारून दाखवली. डोकं सांभाळा. माझी उंची पाच फूट चार इंच, तरी दहाव्या पावलालाच टाळू ग्रॅनाइटला घासली. उतार तीव्र, पायांखाली फळ्यांवर ठोकलेल्या आडव्या पट्ट्या, छत इतकं ठेंगणं की ओणव्यानेच उतरायचं. समोरून कुणी वर येताना दिसलं की भिंतीला पालीसारखं चिकटायचं. हवा दमट, हजारो श्वासांनी शिळी झालेली. या बोळातून साडेसहा फुटी जोव्हान्नी बेल्झोनी कसा गेला असेल, हे कोडं मला खालपर्यंत सुटलं नाही.

हा गडी इटलीतल्या पादुआचा. लंडनच्या सॅडलर्स वेल्समध्ये खांद्यांवर लोखंडी चौकट घेऊन तिच्यावर दहा-अकरा माणसं लादायची आणि रंगमंचावर फेऱ्या मारायच्या, हे त्याचं काम. 1815 मध्ये तो इजिप्तला आला तो तिथल्या पाशाला, मुहम्मद अलीला, नव्या तऱ्हेचा रहाट विकायला. प्रात्यक्षिकाच्या वेळी चाक उलटं फिरलं, पोरसवदा नोकराचा पाय मोडला आणि रहाटाचा व्यवहार बारगळला. मग पोटासाठी पुतळे ओढणं आलं. ब्रिटिश कॉन्सल हेन्री सॉल्टसाठी त्याने 1816 साली दुसऱ्या रामसेसचं सातेक टनांचं मस्तक थीब्समधून लाकडी ओंडक्यांवरून नाईलपर्यंत सरकवलं. पुढच्याच वर्षी राजांच्या खोऱ्यात त्याला सेटी राजाचं रंगीत थडगं सापडलं, पण भिंतीवरचं अक्षर वाचता येणारा माणूस तेव्हा जगात नव्हता. फ्रेंच विद्वान शांपोलियोंला ती चित्रलिपी उलगडायला 1822 उजाडलं. तोवर सेटी भलत्याच राजाच्या नावाने ओळखला गेला.

मग आला खाफ्रेचा हा पिरॅमिड. त्याच्या पोटात खोल्या नाहीत, असं ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगून गेला होता आणि युरोपने ते निमूट मानलं होतं. बेल्झोनीने आधी उत्तर बाजूच्या मध्यावर खणलं. हाती आलं ते जुन्या लुटारूंनी पाडलेलं, ढासळायला आलेलं भुयार. तेव्हा तो उठला आणि शेजारच्या थोरल्या पिरॅमिडचं दार पुन्हा बघून आला. ते मध्यावर नसून पूर्वेला सरकलेलं आहे. इथेही तसंच मोजलं आणि खरी वाट सापडली. मला त्याच्या ताकदीपेक्षा हे परत जाऊन बघणं मोठं वाटतं.

वाटेत ग्रॅनाइटची झडप आडवी होती. पहारींनी ती तसूतसूने उचलली. पण फटीतून बेल्झोनी मावेना! मेणबत्ती घेऊन आधी आत घुसला तो एक अरब मजूर, आणि आत फार सुंदर आहे म्हणून सांगत परत आला. त्या मजुराचं नाव भिंतीवर नाही.

बेल्झोनीचं आहे. दफनकक्षात कमरेत सरळ होताच दक्षिणेच्या भिंतीवर तेच दिसतं, दुकानाच्या पाटीएवढं, काजळीने रंगवलेलं: शोध जी. बेल्झोनीचा, 2 मार्च 1818. जमिनीत बसवलेली काळी शवपेटी त्यापुढे बिचारी वाटते. तिचं झाकण त्याला फुटलेलंच सापडलं होतं. आत माती आणि हाडं. ती पुढे बैलाची निघाली. शिवाय पश्चिमेकडच्या भिंतीवर अरबी लेख होता, त्यात ही वास्तू उघडणाऱ्या पाथरवटाचं नाव, मुहम्मद अहमद. म्हणजे कैक शतकं आधीच कुणीतरी येऊन गेलं होतं. हे सगळं बेल्झोनीने स्वतःच प्रामाणिकपणे लिहून ठेवलंय, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं.

खोलीत आम्ही सातआठ जण. सगळ्यांचे मोबाइल दक्षिणेकडे. आतल्या पहारेकऱ्याला मी पश्चिमेची भिंत दाखवून विचारलं, अरबी लेख कुठे? त्याने मान डोलावली, माझा दंड धरून मला वळवलं, बेल्झोनीच्या नावावर टॉर्च मारला आणि दुसरा हात बक्षिसासाठी पुढे केला.